ध्वनिमुद्रण पुरे झाल्यावर



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या शाळेचे संगीतशिक्षक आपणा सर्वांना नुसते ‘मास्तर’ म्हणून ठाऊक आहेत. वर्गात ते मास्तर होते, घरी शिकायला जाणाऱ्यांनाही मास्तरच होते, आणि लष्करच्या गल्ल्यांतून सायकल हाती धरून चालताना वाटेत भेटणाऱ्या भाजीवाल्यालाही मास्तरच होते. मी आजही त्यांना त्याच नावाने हाक मारणार आहे. आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मास्तरांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण माझ्या पाहण्यात नाही. त्यांचा आवाज कसा होता हे नव्या विद्यार्थ्यांनी विचारले, तर आम्हां शिष्यांना आपलाच गळा पुढे करावा लागतो, आणि तो मास्तरांचा गळा नव्हे हे आम्हांला चांगले माहीत असते.

संयोजकांनी मला सुचविले की, ‘तुमची नवी ध्वनिमुद्रिका नुकतीच पुरी झाली आहे, तिच्याविषयी बोला.’ आपल्याच कामाविषयी व्यासपीठावरून बोलणे हे आमच्या गायकांच्या रीतीला धरून नाही. गवयाने गावे आणि बोलणे श्रोत्यांवर सोपवावे, असाच प्रघात. पण या मुद्रिकेतल्या ११ बंदिशींपैकी ९ मला मास्तरांकडून मिळालेल्या आहेत, तेव्हा तिच्याविषयी बोलताना मी बहुतेक वेळ त्यांच्याविषयीच बोलेन, या समजुतीने मी होकार दिला.

‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्दही आता केवळ सवयीने वापरायचा. पूर्वी लाखेच्या काळ्या तबकडीवर खरोखरच मुद्रा उमटे. सुई त्या खाचेतून फिरली की आवाज उठे. आज माझ्या हाती दाखवण्याजोगी वस्तू काहीच नाही. सेकंदाला ४४,१०० या हिशेबाने टिपलेले आकडे तेवढे आहेत. तरी शब्द चांगला आहे, आणि दुसरा सापडेपर्यंत तो सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

ग्वाल्हेर आणि ध्वनिमुद्रण यांचे नाते पाहायला आपण यंत्राच्याही मागे गेले पाहिजे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंची आख्यायिका आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ गात असत. त्यांच्या तानबाजीची कीर्ती मोठी. हे दोघे तरुण भाऊ पडद्याआड बसून ते गाणे ऐकत राहिले आणि एके दिवशी दरबारात त्यांनी ती गायकी जशीच्या तशी उभी केली. आख्यायिकेतला तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. मात्र ध्वनी टिपून ठेवण्याचे यंत्र नसताना कान आणि स्मरणशक्ती यांच्याकडून लोकांची अपेक्षा काय होती, हे तिच्यातून कळते. आणि आणखी एक गोष्ट कळते. महंमद खाँ रुष्ट झाले, असे त्या कथेत पुढे येते. आपले गाणे आपल्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या ताब्यात गेले, ही कलावंताची तक्रार यंत्राहून पुष्कळ जुनी आहे.

पुढे हीच विद्या किती वाटांनी बाहेर पडली पाहा. वासुदेवबुवा जोशी हे हद्दू-हस्सू खाँ परंपरेतले शिष्य. त्यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, आणि त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून ती सर्वसामान्यांच्या घरांपर्यंत पोहोचवली. इकडे ग्वाल्हेरात निसार हुसेन खाँसाहेब शंकर पंडितांच्या घरी राहून शिकवत. मुसलमान उस्ताद आणि कर्मठ मराठी ब्राह्मणाचे घर, आणि त्या घरात वर्षानुवर्षे चाललेली तालीम! त्या तालमीतून पुढे कृष्णराव शंकर पंडित उभे राहिले. १८९३ साली जन्मलेल्या कृष्णरावांनी १९१४ मध्ये ग्वाल्हेरात संगीत विद्यालय काढले आणि १९८९ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे मेणाच्या मुद्रणापासून कॅसेटपर्यंत ध्वनिमुद्रणाचे सारे युग त्यांच्या एका आयुष्यात मावले.

दुसरी वाट कागदाची. माधवराव शिंद्यांनी पं. विष्णू नारायण भातखंडे यांना पाचारण केले, इथल्या काही गायकांना स्वरलिपी शिकण्यासाठी मुंबईस पाठवले आणि १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच एक. बंदिश कागदावर उतरली की तिचे काय होते, याविषयी त्या काळी इथे वाद झडले असणार यात नवल नाही; ते वाद आजही मिटलेले नाहीत. स्वरलिपी स्वर सांगते, मात्रा सांगते, पण दोन स्वरांच्या मधली जी वाट असते ती सांगत नाही. मास्तर म्हणत, ‘पुस्तकात घर आहे, घरात माणूस नाही.’ पण तेच मास्तर क्रमिक पुस्तके जवळ ठेवून शिकवत आणि समासात पेन्सिलीने खुणा करीत.

आता यंत्राकडे येतो. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात भारतीय गायकांचे आवाज टिपले. गौहरजान त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारी, हे आपण जुन्या तबकड्यांत ऐकलेच असेल. त्यामागे मिरवण्याचा हेतू असेल-नसेल. एक व्यावहारिक कारण होते. तबकड्या तयार होत जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिराला कोणत्या मुद्रणावर कोणाचे नाव घालायचे ते कळावे म्हणून गायकाने नाव सांगायचे. १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण येईपर्यंत ध्वनिग्राहक वगैरे काही नव्हते. एक मोठा कर्णा भिंतीतून बाहेर आलेला असे आणि गायकाने त्यात तोंड घालून मोठ्याने गायचे. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि गायक ओरडतो आहे असे वाटते. तो ओरडतच होता.

आणि काळ किती? दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटे. ज्या रागाला मैफलीत तास द्यायचा तो सव्वातीन मिनिटांत. पुष्कळांनी या मर्यादेला नावे ठेवली. मला मात्र वाटते की ग्वाल्हेरच्या गायकांना ती इतरांइतकी जाचली नाही. आपल्या घराण्यात बंदिश हीच रागाची मूर्ती मानतात. स्थायी-अंतरा नीट भरला की रागाचे सारे चलन पुढे येते. मग दोन बहलावे, बोलतान, सपाट तान, आणि सम. लयही अतिविलंबित नाही, तिलवाड्याची किंवा झुमऱ्याची मध्याकडे झुकलेली. त्यामुळे नारायणराव व्यास, विनायकराव पटवर्धन आणि त्यांच्यानंतर द. वि. पलुसकर यांच्या तबकड्या ऐकताना काही कापले गेले आहे असे वाटत नाही. बापूराव पलुसकरांचे तर उदाहरण घ्या. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. तालीम मिळाली ती वडिलांच्या शिष्यांकडून, म्हणजे व्यास-पटवर्धन या मंडळींकडून. १९५५ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. जे थोडे मुद्रण झाले त्याच्या जोरावर आज सत्तर वर्षे हा गायक आपल्यात आहे.

याच्या उलट बाजूला भास्करबुवा बखले. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांचे गुरू. १९२२ साली निधन. आवाज उरला नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, मुद्रणे होत होती, तरी त्यांचा आवाज तबकडीवर आला नाही. त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी मात्र १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेर निघाली. गुरूचा आवाज पृथ्वीवरही नाही आणि शिष्येचा ताऱ्यांकडे चालला आहे. यात न्याय-अन्याय कसला शोधायचा? कोणाचे गाणे उरावे हे गुणवत्तेवर ठरत नाही, एवढेच मी त्यातून घेतो.

ग्वाल्हेरकरांना विशेष जवळचे नाव रहिमत खाँ यांचे. हद्दू खाँसाहेबांचे हे पुत्र. विलक्षण गळा आणि विलक्षण विक्षिप्त जीवन. विष्णुपंत छत्रे, म्हणजे ज्यांची सर्कस देशभर गाजली तेच छत्रे, यांनी त्यांचा सांभाळ केला. खाँसाहेबांचे मुद्रण झाले ते आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९२० च्या आगेमागे. १९२२ मध्ये ते गेले. त्या तबकड्या मी अनेकदा ऐकल्या आहेत. आवाज वृद्ध आहे, खरखर फार आहे. पण स्वर लावण्याची ती रीत ऐकली की अब्दुल करीम खाँसाहेबांवर तिचा प्रभाव का पडला हे सांगावे लागत नाही. मुद्रण तीस वर्षे आधी झाले असते तर? हा प्रश्न मनात आला की मी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावतो. जे आहे ते आहे.

आता माझ्या कामाकडे वळतो. हे मुद्रण मी कोणत्याही कंपनीसाठी केलेले नाही. खर्च माझा, जबाबदारी माझी. पूर्वी हे शक्यच नव्हते. तबकडीचा कारखाना, मुद्रक, वितरक ही सारी व्यवस्था कंपनीच्या हाती. गायकाने बोलावणे आले की जावे, सांगितले ते गावे आणि बिदागी घेऊन परत यावे. पुष्कळांना एकरकमी पैसे मिळत, पुढे तबकडी हजारोंनी खपो की पडून राहो. कायद्याने गायकाचा स्वतःच्या गायनावरचा हक्क आपल्या देशात मान्य झाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक बळकट झाला. आज एक चांगला ध्वनिग्राहक, एक संगणक आणि शांत खोली एवढ्यावर काम भागते. त्यांतल्या पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात.

शांत खोलीविषयी थोडे सांगतो, कारण माझ्या मते या कामातला सर्वांत कठीण निर्णय तिच्यापाशीच झाला. आमचे घर लष्करात, जुन्या वस्तीत. पहाटे देवळातली घंटा, मग दूधवाला, शाळेच्या रिक्षा, शेजारच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिटी, दुपारी भंगारवाल्याची आरोळी आणि संध्याकाळी वरातीचा बँड. रात्री एक ते साडेतीन एवढाच काळ निवांत. जाणकार मित्रांनी सल्ला दिला की सगळे मुद्रण त्या वेळात उरका. पण यादीत अल्हैया बिलावल होता, गौड सारंग होता, देसी होती. ऐकणारा मुद्रिका कधीही लावणार, त्याला गाण्याची वेळ थोडीच कळणार आहे, हा युक्तिवाद बिनतोड आहे. समयसिद्धान्ताला शास्त्रीय आधार किती, याविषयी मी इथे वाद घालणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की मास्तरांनी बिलावल मला सकाळच्या उन्हात शिकवला आणि त्याचा धैवत माझ्या लेखी त्या उजेडाला बांधलेला आहे. रात्री दोनला तो स्वर लागतो. पण तो धैवत लागत नाही. म्हणून मी प्रत्येक राग त्याच्या वेळेला गायलो, खिडक्यांवर रजया टांगून. गौड सारंगात, दुसऱ्या आवर्तनाच्या सुमारास, लक्ष देऊन ऐकले तर एक आरोळी ऐकू येते. ती मी राहू दिली आहे. ग्वाल्हेरच्या दुपारी गौड सारंग गायला गेला, याचा तेवढा पुरावा पुरे.

दुसरा प्रश्न जोडकामाचा. आज संगणकावर पहिल्या मुद्रणातली स्थायी, तिसऱ्यातला अंतरा आणि पाचव्यातल्या ताना असे एकत्र शिवता येते. शिवण दिसत नाही. सिनेसंगीतात हे सर्रास चालते आणि तिथे ते योग्यही आहे. ख्यालात ते जमत नाही, आणि न जमण्याची कारणे नैतिक नाहीत, अगदी साधी आहेत. एक म्हणजे लय. विलंबित तिलवाडा आपण आरंभी ज्या लयीत धरतो ती शेवटपर्यंत राहत नाही. गायकाच्या आणि तबलजीच्या संगनमताने ती हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, चढत जाते. दहाव्या आवर्तनाचा तुकडा तिसऱ्या आवर्तनापाशी आणून लावला तर माझ्यासारख्याला नव्हे, शाळेतल्या मुलालाही ठेच लागेल. दुसरे कारण तंबोऱ्याचे. ग्वाल्हेरचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. पंचेचाळीस अंशांत तार सैल पडते, भोपळा आणि लाकूड दोन्ही सुकतात. दर काही मिनिटांनी मणी सरकवावे लागतात. तासाभराच्या अंतराने गायलेल्या दोन मुद्रणांचा षड्ज काटेकोर एक नसतो. विजेवरच्या तंबोऱ्याने हा प्रश्न सुटतो, पण मला जवारीचा तो जिवंत झणकार हवा होता आणि त्याची किंमत मोजायची माझी तयारी होती. तेव्हा या मुद्रिकेत एकही जोड नाही. प्रत्येक बंदिश अनेकदा गायिली आणि त्यांतले एक गायन, जसे आहे तसे, निवडले.

निवड कशावर केली? सर्वांत स्वच्छ ते निवडावे, असे कोणीही म्हणेल. कामोदचे पाच वेळा मुद्रण झाले. चौथे निर्दोष होते. माझ्या तबलजी मित्राने तेव्हाच हात जोडून ‘झाले’ म्हटले. दुसऱ्यात एक जागा अशी आहे की रिषभावरून पंचमाला जाताना आवाज किंचित थांबतो. ते थांबणे मी ठरवले नव्हते, शिकवलेही गेले नव्हते; तरी ते ऐकताना मला मास्तर दिसले. मी दुसरे मुद्रण ठेवले. तबलजी मित्राला अजून ते पटलेले नाही, आणि त्याचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

कामोदचा विषय निघालाच आहे, तर या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींना ठाऊक असलेली एक अडचण उघड सांगतो. मास्तरांनी ही बंदिश शाळेत आणि घरी मिळून तीस वर्षांहून अधिक काळ शिकवली. जुन्या तुकड्यांतल्या मंडळींना तिचा अंतरा मिळाला तो मध्यमावरून उठणारा. आमच्या वेळेस तो सरळ पंचमावरून उठे. आणि अगदी शेवटी जे शिकले त्यांच्याकडे दोन्हींहून वेगळे, मुखड्याकडे वळून येणारे रूप आहे. छापील पुस्तकात चौथेच. मुद्रणापूर्वी मी यांतल्या जितक्यांना गाठता आले तितक्यांना गाठून त्यांच्याकडून अंतरा गाऊन घेतला. प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितले की, ‘मास्तर असेच शिकवत.’ आणि प्रत्येकाचे खरे होते.

मित्रहो, मुद्रणाची खरी भीती मला इथे वाटली. मैफलीत मी अंतरा कसाही गायलो तरी ते वाऱ्यावर जाते. उद्या दुसरा शिष्य आपल्या रीतीने गाईल. पण मुद्रिका बाहेर पडली, चार ठिकाणी वाजू लागली, की नवे विद्यार्थी तिच्यावरून बंदिश उचलणार आणि ‘मास्तरांचा कामोद’ म्हणजे माझा कामोद असे होऊन बसणार. बाकीची तीन रूपे कोणी खोडून टाकली नाहीत तरी गाणारे कमी कमी होत जातील. मास्तरांनी स्वतः जे कधी पक्के केले नाही, ते मी पक्के करायचे? ज्या शिष्याने कदाचित माझ्याहून अधिक निष्ठेने ते जपले, त्याचे रूप केवळ त्याच्यापाशी ध्वनिग्राहक नाही म्हणून मागे पडायचे? या एका प्रश्नापायी काम आठ महिने थांबले होते.

कंपनीचे काम असते तर हा प्रश्न आठ महिने टिकला नसता. तारीख ठरलेली असती. आणि इथेच मला स्वतंत्रपणे काम करण्यातली अडचण नीट कळली. पुष्कळ वर्षे गायकाला ‘पुरे’ म्हणण्याचे काम दुसऱ्या कोणी केले. तबकडीची खाच संपली की गाणे संपे. मोठी तबकडी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. कॅसेटला तीस किंवा पंचेचाळीस. सीडीला सबंध चौऱ्याहत्तर. आज तीही सीमा उरली नाही. हवे तितके गा, हवे तितक्यांदा गा, हवे तेव्हा बदला. ख्याल ही तर मुळातच न संपणारी वस्तू. मैफलीत गायक थांबतो ते राग संपला म्हणून नव्हे. रात्र संपत येते, श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, किंवा मागे दुसरा गायक वाट पाहत असतो म्हणून. बंद खोलीत यांतले कोणीच नसते. काम पुरे झाले हे ठरवण्याची खूण मी पुष्कळ शोधली. अशी खूण बाहेर कुठे सापडत नाही.

शेवटी मी असे केले. मुद्रिकेत मला मिळाला तोच अंतरा गायलो, कारण दुसऱ्याला मिळालेला अंतरा मी गायलो तर ती नक्कल होईल. आणि बाकीची रूपे ज्यांची त्यांच्या गळ्यातून, ज्यांची त्यांच्या घरी जाऊन, वेगळी टिपली. त्यांतल्या एका ताई वयाच्या ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा श्वास पुरत नाही, त्या अंतरा दोन तुकड्यांत गायल्या. तेही तसेच ठेवले. ही सारी टिपणे मुद्रिकेचा भाग नाहीत, विक्रीला नाहीत. ती आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली आहेत. प्रत्येक टिपणाबरोबर कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात बंदिश मिळाली याची नोंद आहे. हे झाले त्याच आठवड्यात मुद्रिका पुरी झाली. मुद्रिकेवर जो भार येऊन पडला होता तो उतरला, आणि मग ती केवळ एका गायकाची एका वर्षातली ११ गाणी उरली. तेवढी ती पुरी होऊ शकत होती.

एक आनुषंगिक गोष्ट सांगतो, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी. आपण बहुतेक जण हे गाणे हातातल्या फोनवर ऐकाल. माझा षड्ज काळी एकचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याखालच्या सप्तकात, म्हणजे सेकंदाला सुमारे ६९ कंपने. फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून एवढा खालचा नाद बाहेर पडूच शकत नाही. तरी तुम्हांला खर्ज ऐकू येईल. जवारीमुळे त्या तारेतून वरचे असंख्य स्वयंभू स्वर उमटतात आणि त्यांच्यावरून आपला कान मूळचा, न वाजलेला खर्ज स्वतःच भरून घेतो. हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विचारा, ते अधिक चांगले समजावतील. शक्य असेल तर मात्र एकदा तरी चांगल्या यंत्रावर ऐका; कान भरून घेतो ते ठीक, पण त्याला किती म्हणून कष्ट द्यायचे?

मुद्रिकेत दोन बंदिशी मास्तरांच्या नाहीत. त्यांतला एक टप्पा आहे. मास्तर टप्पा शिकवत नसत. ‘त्याला गळा लागतो, आणि गळा मी देऊ शकत नाही,’ असे सांगून वाटेस लावत. ग्वाल्हेरने टप्पा जिवंत ठेवला, आणि मालिनीताई राजूरकरांनी तो आपल्या काळात घरोघर पोहोचवला. २०२३ साली त्या गेल्या. त्यांच्या मैफलींची रसिकांनी खासगीत केलेली ध्वनिमुद्रणे हाती हाती फिरत आमच्यापर्यंत आली, आणि मी टप्प्याची वाट त्यांवर पाहून शोधली. तालमीवाचून, केवळ मुद्रण ऐकून शिकलेले तेवढे एकच गाणे मी या मुद्रिकेत घेतले आहे. ते कसे झाले आहे हे ऐकणाऱ्यांनी सांगावे. पडद्याआड बसून ऐकणाऱ्यांच्या गावचे आपण; त्या वाटेला नाही म्हणणे मला अवघड गेले.

२०२३ च्या ऑक्टोबरात युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीतनगरी’ म्हणून मान्यता दिली. आनंदाची गोष्ट आहे. फलक लागले, रोषणाई झाली. दर डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी ढोलीबुवांच्या हरिकथेने आरंभ होणारा समारोह अधिक थाटात होऊ लागला. पण संगीतनगरीचे खरे भांडार समाधीपाशी नाही. ते तुमच्या-आमच्या माळ्यांवर आहे. म्हणून जाता जाता माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो.

१९६० ते १९९० या काळात आपल्या पुष्कळ घरांत टेपरेकॉर्डर होते. मुंजीत, गणपतीत, कोजागिरीला घरी बैठक झाली की कोणी ना कोणी कळ दाबून ठेवी. मास्तर अशा बैठकांना जात असत. ते स्वतः गायले नसतील, पण कुणाच्या मागे तंबोऱ्यावर बसून सूर दिला असेल, एखाद्या विद्यार्थ्याला मध्येच सावरले असेल. अशी फीत कुणाकडे असेल तर ती आधी वाजवून पाहण्याचा मोह आवरा. तीस-चाळीस वर्षे पडून असलेल्या फितीवर बुरशीची पांढरी छटा दिसली तर ती यंत्रात घालूच नका. फीत चिकटलेली असेल तर पहिल्याच फेऱ्यात तुटते किंवा तिच्यावरचा थर खरवडून निघतो. कॅसेट असेल तर पेन्सिल घालून हातानेच हळू फिरवून मोकळी आहे का ते पाहा. लोखंडी कपाटात, उन्हात, ध्वनिवर्धकाच्या चुंबकाजवळ ठेवू नका. वेष्टणावर जे काही लिहिले असेल, मग ते ‘बाबूच्या मुंजीचे’ एवढेच का असेना, ते फाडू नका. पुष्कळदा तारीख त्यावरूनच लागते. आणि आणून द्या. ग्रंथालयात एक नोंदवही ठेवली आहे. फीत उतरवून घेतल्यावर मूळ वस्तू आपली आपल्याला परत मिळेल.

ज्यांच्याकडे फीत नाही, पण मास्तरांनी शिकवलेली एखादी बंदिश अर्धीमुर्धी का होईना आठवते, त्यांनी आज कार्यक्रम संपल्यावर मागच्या संगीताच्या वर्गात यावे. ध्वनिग्राहक लावून ठेवला आहे. तंबोरा काळी एकला मिळवलेला आहे. भगिनींसाठी दुसरा पांढरी पाचला आहे. आवाज लागत नाही, सराव राहिला नाही, ही सबब चालणार नाही.